क्ष-किरण केशनलिका भिंग
क्ष-किरण केशनलिका भिंग : अतिशय बारीक, पोकळ काचनलिकांमधून क्ष-किरण नेऊन ते अल्प क्षेत्रावर एकत्रित करणारी प्रयुक्ती.

क्ष-किरणांच्या बाबतीत काचेचा प्रणमनांक १ पेक्षा केवळ काही दशलक्षांशांनी कमी असतो. त्यामुळे नेहमीच्या भिंगाने हे किरण जवळजवळ वळत नाहीत. लहान छिद्रातून जाऊ देऊन शलाका बारीक करता येते परंतु तीत बहुतेक किरण वाया जातात. तथापि प्रणमनांक १ पेक्षा कमी असल्यामुळेच काचेच्या गुळगुळीत पृष्ठभागाला जवळजवळ घासून जाणाऱ्या किरणांचे संपूर्ण परावर्तन होते, हे ए. एच. कॉम्प्टन यांनी १९२३ च्या सुमारास दाखविले. याकरिता किरण व पृष्ठभाग यांमधील कोन क्रांतिक कोनापेक्षा लहान असावा लागतो. १० किलोइलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेला हा कोन सु. ०.१७ अंश असून ऊर्जा दुप्पट झाल्यास तो निम्मा होतो.

एका परावर्तनाने किरण फारच थोडा वळतो पण किंचित वक्र नलिकेत एकापाठोपाठ अनेक परावर्तने होऊन तो कित्येक अंशांनी वळविता येतो. १९८० नंतरच्या दशकात रशियन शास्त्रज्ञ एम. ए. कुमाखोव्ह यांनी या तत्त्वावर बहुनलिका भिंग तयार केले. यात काही मायक्रोमीटर व्यासाच्या लक्षावधी पोकळ्यांचा जुडगा तापवून व ओढून असा घडवितात की, सर्व पोकळ्यांची टोके एकाच बिंदूकडे रोखलेली असतात. एकच निमुळती नलिकाही वापरतात. अशा नलिकेने डी. एच. बिल्डरबॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात सु. ५० नॅनोमीटर व्यासाची शलाका मिळविली.

बहुनलिका भिंगाला मात्र स्वाभाविक मर्यादा आहे. प्रत्येक पोकळीतून बाहेर पडणारी शलाका क्रांतिक कोनाच्या सुमाराने पसरते. त्यामुळे पोकळ्या कितीही बारीक केल्या, तरी १० किलोइलेक्ट्रॉन व्होल्टला ५ मिमी. अंतरावरील ठिपका सु. २० मायक्रोमीटरपेक्षा लहान होत नाही. ठिपका लहान हवा असल्यास नमुना भिंगाच्या अगदी जवळ ठेवावा लागतो. तसेच ऊर्जा वाढली की, पारेषण घटते.

असे असले, तरी साध्या क्ष-किरण नलिकेपासूनही तीव्र व बारीक शलाका मिळत असल्याने नमुना न फोडता त्याचे क्ष-किरण अनुस्फुरणाने विश्लेषण करता येते. दोन भिंगे एकाच बिंदूवर रोखून जुन्या चित्रांतील रंगांचे थर, कण न खरवडता, एकेक करून तपासता येतात. २०२१ मध्ये मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ या गाडीवरील उपकरणातही असेच भिंग असून ते खडकावर सु. ०.१२ मिमी. व्यासाचा ठिपका पाडते.