उज्जैनच्या आकाशात उतरणारे अदृश्य कारंजे

दरवर्षी २१ जूनच्या सुमारास उज्जैनच्या जिवाजी वेधशाळेत शंकुयंत्राभोवती लोक जमतात. दुपारी साडेबाराच्या आसपास शंकूची सावली काही क्षण नाहीशी होते, कारण सूर्य नेमका माथ्यावर आलेला असतो. ही वेधशाळा सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात उभारली, १९२३ मध्ये माधवराव शिंदे यांच्या कारकिर्दीत तिचा जीर्णोद्धार झाला आणि पुढे गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्विदाने ती सांभाळली. ती कर्कवृत्तालगत आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र याच उज्जैनच्या माथ्यावर, तीन-चारशे किलोमीटर उंचीवर, विद्युतभारित कणांचा एक दाट पट्टा असतो, याची कल्पना फारच थोड्यांना असते. हे कण केवळ तेथेच जन्मलेले नसतात. त्यांतील पुष्कळसे केरळ-तामिळनाडूच्या आकाशातून निघून, आपल्या कोकण-गोव्याच्या अक्षांशांवरून प्रवास करीत माळव्याच्या आणि गुजरातच्या आकाशात उतरलेले असतात.

वातावरणाच्या वरच्या थरात सूर्याची अतिनील किरणे अणूंमधून इलेक्ट्रॉन काढून टाकतात. उरतात धनभारित आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन. या थराला आयनांबर म्हणतात. सूर्य जेथे अधिक तळपतो तेथे कण अधिक, हा साधा हिशेब. तो विषुववृत्तापाशी मात्र चुकतो. एडवर्ड ॲपल्टन यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले की चुंबकीय विषुववृत्तावर दुपारी कणांची घनता उलट कमी भरते आणि त्याच्या उत्तरेस व दक्षिणेस सुमारे पंधरा अंशांवर ती सर्वाधिक असते. कोलकात्याचे शिशिरकुमार मित्र यांनीही त्याच वर्षी यामागे पृथ्वीच्या चुंबकत्वाचा हात असल्याचे सुचविले. भारतात चुंबकीय विषुववृत्त दक्षिण टोकाजवळून जाते आणि उत्तरेकडचा दाट पट्टा अहमदाबाद, उज्जैन, भोपाळ या भागावर येतो.

असे का घडते, हे समजण्यासाठी दोन नियम पुरतात. विद्युत क्षेत्र भारित कणाला सरळ ढकलते. धनभाराला एका दिशेने, ऋणभाराला विरुद्ध दिशेने. चुंबकीय क्षेत्राचा स्वभाव निराळा. स्थिर कणाला ते हातही लावत नाही. कण चालू लागला की ते त्याच्या गतीशी काटकोनात बल लावते. त्यामुळे वेग वाढत नाही की घटत नाही, केवळ दिशा वळत राहते. परिणामी कण वर्तुळात फिरतो. पृथ्वीच्या क्षेत्रात आयनांबरातला इलेक्ट्रॉन सेकंदाला दहा लाखांहून अधिक फेऱ्या घेतो आणि त्याच्या वर्तुळाची त्रिज्या जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर असते. ऑक्सिजनचा आयन कित्येक हजार पट जड, म्हणून तो सेकंदाला तीस-चाळीसच फेऱ्या मारतो, पण त्याचे वर्तुळ काही मीटरांचे असते. बलरेषेच्या दिशेने मात्र त्यांना काहीच अडवत नाही. तारेत ओवलेल्या मण्यासारखे ते तिच्यावरून हवे तिकडे घसरू शकतात, तार सोडून बाजूला जाऊ शकत नाहीत.

खरी गंमत दोन्ही क्षेत्रे एकत्र आली की होते. फिरणारा कण अर्ध्या फेरीत विद्युत क्षेत्राच्या साथीने वेग घेतो, तेव्हा त्याचे वळण मोठे होते. उरलेल्या अर्ध्यात त्याच्याविरुद्ध जाताना तो मंदावतो आणि वळण लहान होते. वर्तुळ मिटतच नाही. प्रत्येक फेरीगणिक ते थोडे बाजूला सरकते, आणि तेही विद्युत क्षेत्राच्या दिशेने नव्हे, तर दोन्ही क्षेत्रांना काटकोनात. ऋणभारित कणावरचा धक्का उलटा, पण त्याच्या फिरण्याची दिशाही उलटी. म्हणून इलेक्ट्रॉन आणि आयन दोघेही एकाच बाजूला, एकाच वेगाने सरकतात. हा वेग म्हणजे विद्युत क्षेत्र भागिले चुंबकीय क्षेत्र. कणाचे वजन त्यात कोठेच येत नाही!

आता हे दक्षिण भारताच्या आकाशात ठेवून पाहू. तेथे बलरेषा जमिनीला समांतर, उत्तरेकडे जाणाऱ्या. वरच्या हवेतील वाऱ्यांमुळे दिवसा पूर्वेकडे जाणारे एक क्षीण विद्युत क्षेत्र निर्माण होते. ते दर किलोमीटरला एक व्होल्ट, म्हणजे विजेरीच्या साध्या सेलहूनही कमी, असे धरले तरी कण सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने थेट वर उचलले जातात. ताशी ९० किलोमीटर! सातआठशे किलोमीटरपर्यंत चढलेले कण मग गुरुत्वाकर्षणाने आणि दाबाने बलरेषांवरून उत्तर-दक्षिणेस घसरतात. बलरेषा कमानीसारख्या खाली वळतात, आणि कण माळव्यावर येऊन साचतात. शास्त्रज्ञ याला कारंजे म्हणतात, ते उगीच नव्हे.

शंभर किलोमीटरच्या आसपास हवा अधिक दाट असल्याने आयन धडकाधडकीत अडखळतात, इलेक्ट्रॉन मात्र सरकत राहतात, आणि या तफावतीतून चुंबकीय विषुववृत्तावर एक मोठा विद्युतप्रवाह वाहतो. १९६३ मध्ये पहिल्या अग्निबाणासाठी थुंबा निवडले गेले ते या प्रवाहाच्या सान्निध्यामुळेच. त्याचे बळ मोजण्याची नेहमीची रीत म्हणजे तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून अलिबागची नोंद वजा करणे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय काम १९०४ मध्ये ज्या अलिबागला हलविले गेले, तेच हे अलिबाग. भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या वेधशाळांच्या साखळीत उज्जैनही होते.

याचा आपल्याशी संबंध येतो तो जीपीएसमुळे. उपग्रहाचा संदेश या कणांच्या गर्दीतून येताना रेंगाळतो आणि अंतर खऱ्यापेक्षा जास्त भासते. सूर्य अतिसक्रिय असलेल्या वर्षांत, दाट पट्ट्याखाली, दुपारी ही चूक पंधरा-सोळा मीटरपर्यंत जाऊ शकते. पहाटे ती एक-दोन मीटरवर येते. योगायोग असा की सावली हरवते तो जून याचा भराचा काळ नव्हे. कारंजे जोरात असते ते संपातांच्या आसपास, मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. त्याच महिन्यांत सूर्यास्तानंतर विषुववृत्तावर विरळ बुडबुडे उठतात व बलरेषांबरोबर उत्तरेकडे पसरतात. त्यांतून जाणारा संदेश थरथरतो, कधी तुटतोही.

सिंहस्थात घाट शोधणाऱ्या यात्रेकरूला दहा मीटरची चूक चालेल. ढगांतून धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला ती चालत नाही. दोन वारंवारितांवर संदेश घेणारे यंत्र विलंब स्वतः काढून टाकते, पण एकाच वारंवारितेवर चालणाऱ्याला बाहेरून दुरुस्ती पुरवावी लागते. त्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ‘गगन’ ही यंत्रणा उभारली. शांत आयनांबराच्या देशांतील पद्धत येथे जशीच्या तशी लागू पडेना, म्हणून भारतीय आकाशासाठी वेगळी आकडेमोड बसवावी लागली. देशभरातील पंधरा संदर्भ केंद्रे उपग्रहांचे संदेश अहोरात्र टिपतात आणि त्यांवरून आयनांबराचा नकाशा तयार होतो. अहमदाबादचे केंद्र कारंजे उतरते त्या पट्ट्याखाली, तिरुवनंतपुरमचे ते उसळते तेथे, आणि या दोहोंच्या दरम्यान, कण माथ्यावरून जातात त्या वाटेवर, गोव्याचे.