जनावराचा विमा : जिवाचा की दवाखान्याचा?

दुकानाचा, मालाचा आणि गाडीचा विमा उतरविण्याची सवय आता आपल्या व्यापारी वर्गाला झाली आहे. पण घरामागची म्हैस, दोन-चार उस्मानाबादी शेळ्या किंवा गोदामाच्या राखणीचा कुत्रा यांच्या विम्याची गोष्ट काढली की लोक हसतात. उस्मानपुऱ्यात आमचे थोरले बंधूही आधी हसले. पुढे त्यांनी म्हशीचा विमा उतरविला, पण अटी कोणीच वाचल्या नाहीत. म्हैस आजारी पडली. औषधपाण्याचा खर्च मागितला तेव्हा उत्तर मिळाले की, हा विमा फक्त मृत्यूचा आहे. शेवटी ती दगावली, तर कानातला बिल्ला कधीच गळून पडला होता. भरपाई नाकारली गेली.

चूक आमचीच होती. कापडाचे थान घेताना आपण पन्हा मोजतो, ताग्याची लांबी तपासतो. पॉलिसी घेताना मात्र फक्त हप्ता विचारतो.

पहिला प्रश्न असा विचारावा : विमा जिवाचा की उपचाराचा? गाय, म्हैस, शेळी यांचा नेहमीचा विमा जनावर मेल्यावर त्याची ठरलेली किंमत देतो, दवाखान्याचे बिल देत नाही. कुत्र्यासाठी मात्र उपचाराचा विमाही मिळतो. पुण्याच्या बजाज अलियान्झ कंपनीने 2020 साली अशी पॉलिसी आणली. तीत शस्त्रक्रिया आणि दवाखान्यात ठेवण्याचा खर्च येतो. अशा पॉलिसीत वयाची मर्यादा, जुना आजार आणि लसीकरण या तीन अटी नीट वाचाव्यात. लस टोचली नसेल, तर त्या आजाराचा खर्च बहुधा मिळत नाही.

दुसरा प्रश्न हप्त्याचा. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 2024 पासून मालकाचा वाटा 15 टक्के ठेवला आहे. बाकीचा भार केंद्र आणि राज्य उचलतात. समजा, म्हशीची किंमत 60,000 रुपये आणि हप्ता 4 टक्के धरला, तर एकूण 2,400 रुपये होतात. त्यात मालकाचे फक्त 360. या हिशेबात 10 शेळ्या म्हणजे एक मोठे जनावर. योजना आपल्या भागात चालू आहे का, ते सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

तिसरी गोष्ट बिल्ल्याची. बिल्ला नाही तर भरपाई नाही, हा सर्वसाधारण नियम आहे. सरकारी बिल्ल्यावर 12 आकडी क्रमांक असतो. तो पॉलिसीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा. बिल्ला पडला तर त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवून नवा बसवून घ्यावा. जनावर दगावल्यास आधी कंपनीला खबर द्यावी, डॉक्टरकडून शवविच्छेदन करून दाखला घ्यावा, मगच पुरावे. पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस आजाराने झालेला मृत्यू धरला जात नाही, हेही लक्षात असू द्यावे.

जनावर आजारी पडल्यावर विमा शोधणे म्हणजे दुकानाला आग लागल्यावर विहीर खणणे. ते धडधाकट असतानाच कागद नीट वाचून सही करावी.