रोजा आणि मधुमेह्याचा आहार

दिल्लीच्या उत्तर भागातील टेकडीवर हिंदूराव रुग्णालय आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू हिंदूराव घाटगे यांचा वाडा तेथे होता. त्यांचेच नाव सदर बाजारालगतच्या बाडा हिंदूराव या वस्तीसही मिळाले. या वस्तीत मुसलमान कुटुंबे पुष्कळ आहेत. रमजानात अशा घरांत पहाटे सहरी आणि सूर्यास्तास इफ्तार होते. मधल्या काळात अन्न नाही, पाणीही नाही. घरात कोणी मधुमेही असेल, तर या दोन वेळांचे अन्न विचारपूर्वक योजावे लागते.

हिजरी वर्ष सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान सर्व ऋतूंतून फिरतो. दिल्लीत डिसेंबरातील रोजा पावणेबारा तासांच्या आसपास असतो, तर जूनमधील साडेपंधरा तासांचा.

जेवणानंतर चार-पाच तास अन्नातील शर्करा शरीरास पुरते. पुढे यकृत आपल्या साठ्यातून शर्करा पुरविते, आणि तो साठा सरू लागला म्हणजे चरबी अधिकाधिक खर्ची पडते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड या काळात इन्शुलिनचे प्रमाण आपोआप कमी करते. मधुमेह्याचे तसे नसते. टोचून घेतलेले इन्शुलिन किंवा स्वादुपिंडास चेतविणारी गोळी पोट रिकामे असले तरी आपले कार्य करीतच राहते, आणि रक्तशर्करा धोक्याइतकी उतरू शकते. उलट, औषध सोडल्यास ती चढते. २००१ साली १३ देशांत झालेल्या पाहणीत शर्करा अतिशय उतरण्याचे गंभीर प्रसंग रमजानात पहिल्या प्रकारच्या मधुमेह्यांत ४.७ पट, तर दुसऱ्या प्रकारच्या मधुमेह्यांत ७.५ पट वाढलेले आढळले.

म्हणून सहरी कधीही टाळू नये, आणि ती होईल तितक्या उशिरा घ्यावी. कोंड्यासकट पिठाची पोळी, डाळ, दही, अंडे, भाजी हे पदार्थ सावकाश पचतात. दुधात भिजविलेली फेणी किंवा खजला खाण्याची चाल जुन्या दिल्लीत आहे. परंतु मैदा, तूप व साखर यांचे ते मिश्रण मधुमेह्यास सोयीचे नव्हे.

रोजा एक-दोन खजूर आणि पाणी घेऊन सोडावा. गोड सरबत व भजी यांऐवजी उकडलेले चणे व थोडी फळे घ्यावीत. नमाजानंतरच्या जेवणात अर्धे ताट भाज्यांचे, पाव डाळीचे किंवा मांसाचे आणि पाव पोळीचे किंवा भाताचे असावे. दिवसभराच्या अन्नाचे प्रमाण मात्र नेहमीहून वाढू देऊ नये. रात्री पाणी भरपूर प्यावे.

औषधाची वेळ व मात्रा रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी वैद्याकडून ठरवून घ्यावी. इन्शुलिनवर अवलंबून असणाऱ्यांस, गर्भवतींस आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांस रोजा विशेष धोक्याचा होय. आजारी माणसास कुराणानेच सवलत दिली आहे. राहिलेले रोजे पुढे पुरे करता येतात, आणि ज्यास तेही शक्य नाही त्याने गरिबास अन्न द्यावे.

बोटातील थेंबभर रक्त तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक धर्मपंडितांचे मत आहे. त्या तपासणीत शर्करा १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तत्काळ सोडावा. घाम, कंप किंवा भ्रम जाणवू लागल्यास, सूर्यास्तास अर्धाच तास उरला आहे म्हणून थांबू नये.