सूर, समुद्र आणि कर्ज

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा डळमळीत आहे, तेव्हा चुका पोटात घाला. वेस्टर्न क्लासिकल म्हटलं की आपली गाडी मोझार्ट-बिथोव्हनपाशी थांबते. त्यांच्याही दोनशे वर्षं आधीचा हा माणूस: फ्रान्सिस्को गेरेरो, जन्म सेव्हिल, स्पेन, १५२८.

अठरा वर्षांचा व्हायच्या सुमारास तो हाएन गावच्या कॅथीड्रलचा संगीतप्रमुख झाला. त्या वयात आपण सीईटीचे फॉर्म भरत होतो! पुढे सेव्हिलला परतला आणि उरलेली नोकरी तिथेच केली.

त्याचं 'आवे व्हिर्गो सांक्तिसिमा' हे मारियेचं स्तोत्र जरूर ऐका. त्यात पाच आवाज आहेत. वरचे दोन आवाज एकच चाल गातात, फक्त दुसरा थोडा मागून सुरू करतो. याला कॅनन म्हणतात. शाळेत बोटीचं इंग्रजी गाणं आम्ही असंच दोन गटांत म्हणायचो. पण ते पोरखेळ होतं. इथे चाल लांबलचक आहे आणि तिचा प्रत्येक तुकडा स्वतःच्याच मागच्या तुकड्याशी जुळायला हवा. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, सिग्नलमध्ये तोच सिग्नल डिले करून मिसळायचा आणि बेरीज कुठेच बेसूर होऊ द्यायची नाही! शिवाय खालचे तीन आवाज आपापल्या वाटेने चालतात. ऐकताना मात्र हा हिशेब कुठेच जाणवत नाही. पीएलमध्ये रात्री दोनला हेडफोन लावून ऐकलं, तेव्हा पुस्तक तसंच उघडं राहिलं.

आता खरी गंमत. १५८८ मध्ये गेरेरो आपलं संगीत छापून घ्यायला व्हेनिसला गेला. छपाईला काही महिने लागणार होते. मग काय, प्रुफांचं काम झार्लिनो या नामवंत संगीतशास्त्रज्ञावर सोपवून हा साठ वर्षांचा गृहस्थ जेरुसलेमच्या यात्रेला निघाला! परतताना फ्रान्सच्या किनाऱ्यापाशी चाच्यांनी दोनदा गाठलं, खंडणी द्यावी लागली. या प्रवासाचं त्याने पुस्तक लिहिलं, ते १५९० मध्ये निघालं आणि पुढे अनेकदा छापलं गेलं.

तरी पैशाचं काही जमेना. छपाईचा खर्च डोक्यावर बसलेला. १५९१ मध्ये कर्जापायी तो चक्क तुरुंगात गेला. शेवटी कॅथीड्रलने पैसे भरून त्याला सोडवलं. सगळ्या स्पेनमध्ये नाव असलेला माणूस, आणि ही अवस्था. मला हे वाचून वाईटच वाटलं.

१५९९ मध्ये पुन्हा जेरुसलेमला जायची रजा त्याने मिळवली होती. पण सेव्हिलमध्ये प्लेग आला आणि त्यातच तो गेला. त्याचं संगीत मात्र समुद्र ओलांडून मेक्सिकोकडच्या कॅथीड्रलांत पोचलं होतं. तिथे ते पुढची दोनशे वर्षं गायलं जात होतं.