संस्कार कोणीं करावयाचे? घरानें कीं शाळेनें?



मुलांना वळण आईबापांनीं लावावें कीं मास्तरांनीं, हा वाद आमच्या हट्ट्याच्या पारावर मी गेलीं चाळीस वर्षें ऐकत आलों आहें. पालक म्हणतात, "पोरगें दिवसभर शाळेंत असतें, मग तुम्ही त्याला शिकवतां तरी काय?" आम्ही शिक्षक म्हणतों, "पांच-सहा तास आमच्याकडे, उरलेले सगळे तुमच्याकडे. हिशेब तुम्हीच करा." असा ज्याचा त्याचा युक्तिवाद चाललेला असतो, आणि तें पोरगें तेथेंच पाराभोंवतीं खेळतां खेळतां दोघांचेंही ऐकत असतें.

शाळेनें आपल्या परीनें कांहींच केलें नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. महाराष्ट्राच्या प्राथमिक शाळांत १९९७ च्या सुमारास मूल्यशिक्षण आलें. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, स्त्रीपुरुषसमानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रीय एकात्मता, राष्ट्रभक्ति, वैज्ञानिक दृष्टिकोन, संवेदनशीलता आणि सौजन्यशीलता अशीं दहा मूल्यें ठरविण्यांत आलीं. सकाळच्या परिपाठांत प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बोधकथा हा क्रम मींही पुष्कळ वर्षें चालविला. माझ्या वर्गांतलीं मुलें तीं दहा नांवें एका दमांत म्हणून दाखवीत, आणि तपासणीस आलेले साहेब खूष होऊन जात. त्या यादींत प्रामाणिकपणा हा शब्द कोठेंच नाहीं, हें माझ्या ध्यानांत यावयास मात्र फार काळ लागला. तो कां लागला, तें पुढें सांगतों.

घर आणि शाळा यांचा विचार करतांना मला नेहमीं साने गुरुजी आठवतात. १९२४ पासून १९३० पर्यंत ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली होती. घरापासून दूर राहणारीं तीं मुलें. त्यांच्या खोल्या झाडणें, आजाऱ्याच्या उशाशीं बसणें, हीं कामें गुरुजी स्वतः करीत; 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिक काढून त्यांतून मुलांशीं बोलत. म्हणजे तेथें शाळेचेंच घर झालें होतें. परंतु याच गुरुजींनीं १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत 'श्यामची आई' हें पुस्तक लिहिलें, तेव्हां आपल्या ठिकाणीं जें कांहीं चांगलें असेल त्याचें श्रेय त्यांनीं आईच्या पदरांत टाकलें. त्यांतला अळणी भाजीचा प्रसंग आपणांस आठवत असेल. आई एके दिवशीं भाजींत मीठ घालावयास विसरते. वडील ती भाजी निमूटपणें खातात. तोंड वांकडें करीत नाहींत, मीठ मागत नाहींत. त्यांच्याकडे पाहून मुलेंही तशीच खातात. शेवटीं आई स्वतः जेवावयास बसते, तेव्हां तिला आपली चूक कळते, आणि कोणी बोललें कसें नाहीं म्हणून ती हळहळते. रांधणाऱ्याचें मन कसें राखावें, याचा धडा त्या पंगतींत मुलांना मिळाला, आणि वडिलांनीं त्यासाठीं उपदेशाचें एक अक्षरही उच्चारलें नव्हतें. हाच मुलगा पुढें अमळनेरांत दुसऱ्यांच्या मुलांच्या खोल्या झाडतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. घरांत पाहिलेलें त्यानें शाळेंत नेलें.

परंतु घरांत पाहिलेलें सगळेंच चांगलें असतें असें कोठें आहे? आमचा वसमत तालुका हळदीचा. हळद वजनांत भरावी म्हणून पोत्यांत ओलसर माल मिसळणारा एखादा बाप असतो, आणि पोत्याचें तोंड धरावयास त्यानें दहा वर्षांच्या पोराला उभें केलेलें असतें. ओला माल बाजूला काढून वाळत घालणाराही बाप असतो, आणि त्याच्याही हाताखालीं पोर असतेंच. दोघांचींही पोरें दुसऱ्या दिवशीं सकाळीं माझ्यासमोर हात जोडून एकच प्रार्थना म्हणत. कोणतें मूल काय पाहून आलें आहे, हें मला कसें कळावें?

आतां माझी स्वतःची गोष्ट. ती सांगावयाची नव्हती. पण ती गाळून या विषयावर बोलणें खोटेपणाचें होईल.

२००४ साल. दहावीच्या परीक्षेस पर्यवेक्षक कमी पडले, म्हणून आम्हां कांहीं प्राथमिक मास्तरांना एका केंद्रावर नेमलें होतें. माझ्या खोलींत माझाच एक जुना विद्यार्थी होता. दहा मूल्यें सर्वांत जलद म्हणून दाखविणारा हाच. गणिताचा पेपर सुरू होऊन तासभर झाला असेल. खिडकींतून खड्याला गुंडाळलेली चिठ्ठी आली आणि त्याच्या पायाशीं पडली. मीं बाहेर पाहिलें, तों त्याचा बाप भिंतीआड सरकत होता. मुलानें चिठ्ठीकडे पाहिलें नाहीं; त्यानें माझ्याकडे पाहिलें. तो कांहीं वेळ तसाच पाहत राहिला. मीं पाठ फिरविली आणि टेबलावरच्या कोऱ्या पुरवण्या मोजूं लागलों. त्या पूर्वींच मोजून झाल्या होत्या.

पेपर सुटल्यावर बाप फाटकापाशीं आला आणि हात जोडून म्हणाला, "गुरुजी, लई उपकार झाले." मीं मान हलविली आणि सायकल काढली.

बापाला दोष देणें सोपें होतें, आणि तो मीं कितीतरी दिवस दिला. पण त्या मुलानें विचारलें होतें मला. बापानें काय ठरविलें आहे, हें त्याला ठाऊकच होतें; गुरुजी काय ठरवितात, तेवढेंच त्याला पाहावयाचें होतें. चार वर्षांचा परिपाठ मीं त्या एका मिनिटांत पुसून टाकला.

परीक्षेंतील गैरप्रकार रोखण्यासाठीं महाराष्ट्रांत १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. तरीहि पुष्कळ गांवीं परीक्षेच्या दिवसांत शाळेभोंवतीं जत्रा भरत असे, आणि त्या जत्रेंत पालकच अधिक असत. आमच्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यांत २०१० च्या सुमारास तेव्हांचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनीं कॉपीमुक्तीची मोहीम हातीं घेतली. केंद्रांवर कडक बंदोबस्त राहिला आणि निकाल एकदम खालीं घसरला. आमच्याकडे त्या निकालावर पुष्कळ टवाळी झाली. मला तो निकाल वाचून वेगळेंच वाटलें. इतक्या वर्षांत प्रथमच शाळांनीं खरें प्रगतिपुस्तक पालकांच्या हातीं दिलें होतें. तेथें नुसतें पोलिसांवर भागविलें नाहीं, गुणवत्ता वाढविण्याचीही जोड दिली, हें विशेष; कारण चिठ्ठी काढून घेतली तर तिच्या जागीं कांहीं तरी द्यावेंच लागतें. पुढें हा उपक्रम राज्यांत इतरत्रही गेला.

आतां कायद्यानें शाळा आणि पालक यांची गांठ बांधून दिलेली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें शाळेच्या व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात. मी अशा अनेक बैठकांस बसलों. खिचडींतला तांदूळ, वर्गाची गळकी पत्रे, यांवर तास तास चर्चा होई. त्याही गोष्टी हव्याच. पण आपण मुलांसमोर खोटें बोलतों का, हा विषय कधीं निघाला नाहीं, आणि मींही तो काढला नाहीं. शिवाय आमच्या जिल्ह्यांत अशींही मुलें आहेत, कीं ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्यासाठीं हंगामी वसतिगृहें निघतात, कोठें आजी संभाळते. अशा मुलापुढें 'हें घरचें काम' म्हणून हात झटकणाऱ्या मास्तराला काय म्हणावें?

गेल्या पावसाळ्यांत तो माझा विद्यार्थी घरीं आला. आतां शेती करतो. सोबत मुलगी होती, यंदा दहावीला बसणारी. इकडचें तिकडचें बोलून झाल्यावर त्यानें हळूच विचारलें, "गुरुजी, सेंटरवर तुमच्या वळखीचं कोनी हाय का?"

मुलगी माझ्याकडे पाहत होती.

मीं म्हटलें, "नाहीं रे बाबा. पण संध्याकाळीं मी रिकामा असतों. हिला पाठवून देत जा, आणि तूंही येऊन बसत जा."

तेव्हांपासून दोघें येतात. मी मॅट्रिक झालेला माणूस. त्रिकोणमिति मला नव्यानें शिकावी लागली. रात्रीं चष्मा लावून मी उद्यांचीं उदाहरणें सोडवून ठेवतों, तरी कांहीं अडतातच. परवां एक उदाहरण मला सुटेना. मीं तसें सांगितलें. मुलगी म्हणाली, "राहूं द्या गुरुजी, उद्यां बाईंना विचारून येते." बाप उंबऱ्याशीं बसला होता. मोबाईल त्यानें पालथा ठेवला होता.