लेआउटवरची तापी

परवा उत्राणहून सुरतेला येताना गाडीच्या खिडकीतून तापी दिसली आणि ठरवलं, माझ्या मॉडेल रेल्वेवर हीच नदी हवी.

नदी म्हटली की निळा रंग काढायचा मोह होतो. तापी तशी नाही! सिंगणपोरच्या कॉजवेमुळे रेल्वे पुलाखाली पाणी साठून राहतं: संथ, हिरवट-करडं, मधूनमधून जलपर्णी. कॉजवेच्या खाली भरती-ओहोटी आहे, म्हणून तिथे गाळाचे ओले काठ. कोणती तापी करायची ते आधी ठरवा.

पाण्याची खोली रंगातून येते, रेझिनच्या जाडीतून नाही. तळ मध्यभागी गडद, काठाकडे मातकट. दोन्ही रंग ओल्या ब्रशने एकमेकांत मिसळायचे. वाळल्यावर पातळ फेविकॉलने बारीक भेगा बुजवा, नाहीतर रेझिन झिरपतं.

मग इपॉक्सी रेझिन, एका वेळी २-३ मिलिमीटरच. जाड थर तापतो, फुगे आत अडकतात. भर पावसाळ्यात हे काम नकोच, दमट हवेत पृष्ठभाग धुरकट होतो. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

लाटा शेवटी, ग्लॉस जेलने. १:८७ प्रमाणात १ सेंटिमीटरची लाट म्हणजे खरी ८७ सेंटिमीटर! संथ पाण्याला ब्रशचे हलके ठिपके पुरतात.

जलपर्णी कशी करायची किंवा रंग कोणते घ्यायचे, काहीही विचारा, सांगतो.