साठ शब्दांची बातमी

पत्रकारितेच्या वर्गात नवी मुलं आली की पहिल्याच आठवड्यात मी त्यांना निधनवार्ता लिहायला देते. चेहरे पडतात. कुणाला राजकीय मुलाखतीची हौस असते, कुणाला शोधपत्रकारितेची, आणि हातात पडतो वहीतून फाडलेला एक कागद. घरची माणसं दैनिकाच्या कचेरीत आणून देतात तसा. त्यावर नाव, वय ७८, वृद्धापकाळाने निधन, दोन मुलगे, तीन मुली एवढंच. यावरून साठ शब्द लिहायचे.

दहा मिनिटांत वह्या पुढे येतात आणि बहुतेक वह्यांत तेच वाक्य असतं: ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.’ सुना आणि नातवंडं कागदावर नव्हतीच. पत्नी हयात आहे असंही कुठे म्हटलेलं नव्हतं. तीन मुली मात्र होत्या, त्या गळल्या. हात सवयीनं चालला. मग मी विचारते, “गृहस्थ गेले हे तरी तुला कुणी सांगितलं?” कागदावर देणाऱ्याचं नाव नसतं, फोन नंबर नसतो. वर्ग शांत होतो.

इथे मी जयप्रकाश नारायण यांची गोष्ट सांगते. २२ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जेपींच्या निधनाची घोषणा केली. सभागृहानं श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीवरून बातमी गेली. जेपी तेव्हा मुंबईत, जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते गेले त्या वर्षीच्या ८ ऑक्टोबरला, पाटण्यात. माहिती खुद्द पंतप्रधानांकडून आली, तरी रुग्णालयात विचारायचं काम उरतंच. आपल्या जवळचं उदाहरण अभिनेते विक्रम गोखले यांचं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुण्यात रुग्णालयात असताना निधनाची बातमी पसरली, श्रद्धांजल्याही वाहून झाल्या. ते हयात आहेत हे कुटुंबीयांना माध्यमांना सांगावं लागलं. त्यांचं निधन झालं २६ तारखेला. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या माणसांना आपला माणूस जिवंत आहे असे खुलासे करावे लागणं, याहून मोठी क्रूरता आमच्या धंद्यात मला ठाऊक नाही. दुसऱ्या कुणीतरी बातमी दिली म्हणून आपणही द्यायची, हे मी वर्गात चालू देत नाही. जवळचा नातेवाईक किंवा उपचार करणारे डॉक्टर, यांच्यापैकी कुणाशी तरी बोलणं झाल्याशिवाय ओळ लिहायची नाही.

मग कायदा. मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला: गेलेल्या माणसाची बदनामी होते का? होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये जुन्या दंडविधानातलंच स्पष्टीकरण कायम आहे. तो माणूस हयात असता तर ज्या आरोपानं त्याच्या लौकिकाला बाध आला असता, असा आरोप कुटुंबीयांच्या किंवा जवळच्या नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं केला, तर तो गुन्हा ठरू शकतो. सत्य आणि लोकहित या दोन्हींचा आधार असेल तर बचाव आहे. म्हणून एखाद्या पुढाऱ्याला भ्रष्टाचाराची शिक्षा झाली असेल तर ती त्याच्या मृत्युलेखात यायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. ‘न भरून येणारी पोकळी’ लिहून ती झाकणं ही वाचकाची फसवणूक आहे.

काही नावं मात्र मृत्यूनंतरही छापायची नसतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करायला संहितेच्या कलम ७२ नं मनाई आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पीडिता मरण पावली असली आणि जवळच्या नातलगांची परवानगी असली, तरी नाव द्यायचं नाही. द्यावं अशी परिस्थिती असेलच तर निर्णय सत्र न्यायालयाचा. नावांसारखेच काही तपशीलही छापायचे नसतात. आत्महत्येच्या बातमीत ‘गळफास घेऊन जीवनयात्रा संपवली’ हा मथळा आपल्याकडे सर्रास दिसतो. पद्धतीचं वर्णन नको, सनसनाटी मथळा नको, फोटो नको, असं भारतीय प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये बजावलं आहे. मुंबई उच्च न्यायालयानंही जानेवारी २०२१ च्या निकालात माध्यमांना यावरून खडसावलं. त्या मथळ्याऐवजी बातमीखाली टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्या, असं मी मुलांना सांगते.

पण कायदा जिथे संपतो तिथली एक आठवण आहे. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक असताना दिलेल्या माहितीवरून एक निधनवार्ता लावली होती. दुसऱ्या दिवशी एक बाई कात्रण घेऊन आल्या. पहिल्या पत्नीची मुलगी. कागद दुसऱ्या घराकडून आला होता, त्यात त्या नव्हत्याच. त्या भांडल्या नाहीत. कात्रण माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, “माझेही वडील होते ते.” कुठलंही कलम मोडलं नव्हतं. आम्ही एका ओळीची दुरुस्ती छापली, ती किती जणांनी वाचली असेल कुणास ठाऊक.

आणि बायकांचं काय लिहितो आपण? ‘अमुक यांच्या मातोश्री.’ संपलं. वर्गातल्या एका मुलाला मी अशाच एका मातोश्रींच्या घरी तासभर बसायला पाठवलं. परत आला तो उधारीच्या वहीची हकीकत घेऊन. बाईंनी एसटी स्टँडजवळ अनेक वर्षं खानावळ चालवली होती. शिकणाऱ्या पोरांचे डबे, कुणाचे किती बाकी, सगळं त्यांच्या हातानं टिपलेलं. छापून आलेल्या बातमीत खानावळीचा उल्लेखही नव्हता. ही चूक एकट्या आपली नाही. पंडिता रमाबाई १९२२ मध्ये केडगावला वारल्या. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं त्यांच्यावर मृत्युलेख छापला तो २०१८ मध्ये, राहून गेलेल्या स्त्रियांसाठी सुरू केलेल्या सदरात.

आचार्य अत्र्यांचे मृत्युलेख मुलांनी जरूर वाचावेत. त्यांचं दैनिक ‘मराठा’ सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा बाबासाहेब आंबेडकर गेले, आणि अत्र्यांनी त्यांच्यावर लेखामागून लेख लिहिले. पण ती उंची सगळ्यांना गाठता येत नाही. साठ शब्द नीट लिहिणं मात्र शिकवता येतं.

वाचकांना एकच विनंती. घरातलं कुणी गेलं आणि बातमीसाठी माहिती लिहून द्यायची वेळ आली, तर कागदावर तुमचं नाव आणि फोन नंबर लिहा, सगळ्या मुलींची नावं लिहा, आणि गेलेली व्यक्ती बाई असेल तर तिनं आयुष्यभर काय काम केलं तेही लिहा.